वाचकांचे प्रश्न: बायपोलर आहे का, हे रक्त सांगेल?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. एकोणिसाव्या वर्षी त्याला पहिल्यांदा नैराश्य आलं, आताची ही तिसरी खेप. दिवसदिवस झोपून असतो, हाक मारली तरी ओ देत नाही. गोळ्या दोनदा बदलल्या. मागच्या खेपेला नवी गोळी सुरू झाली आणि पंधरवड्यात तो असा काही उठला की आम्ही हरखून गेलो. रात्री दोन-तीन तास झोपायचा, पहाटेपासून लॅपटॉपवर, एकाच वेळी तीन धंद्यांच्या योजना, बोलणं थांबायचं नाही. मित्राशी भांडून भागीदारी मोडली. दहा-बारा दिवसांनी हे ओसरलं आणि पुन्हा अंथरूण. गोळी लागू पडली असं समजून आम्ही हे डॉक्टरांना सांगितलंही नाही. आता वाचलं की बोटातल्या थेंबभर रक्तावरून नैराश्य की बायपोलर हे ओळखता येतं. ही तपासणी कुठे होते? भाऊ म्हणतो, ‘आधी रिपोर्ट आण, मग गोळ्यांचं बोलू.’
— एक मोठी बहीण

उत्तर: ताई, आज कुठल्याही मान्य उपचार-मार्गदर्शिकेत रक्ताच्या तपासणीवरून बायपोलर (म्हणजे कधी नैराश्य, तर कधी उन्माद, म्हणजे अतिउत्साहाचा चढ, अशा खेपा येणारा आजार) ठरवा असं लिहिलेलं नाही. त्यामुळे ‘कुठे होते’ याचं उत्तर तुम्हाला हवं तसं मी देऊ शकत नाही. तुम्ही वाचलं ते खोटं नव्हे, फक्त संशोधनाची बातमी झाली की त्यातले ‘जर’ आणि ‘तर’ वाटेत गळतात.

तुमच्या वाचनात आलं ते बहुधा केंब्रिज विद्यापीठातल्या साबीन बान यांच्या गटाचं काम. २०२३ मध्ये ते ‘जामा सायकियाट्री’ या नियतकालिकात छापून आलं. ब्रिटनमध्ये २०१८ ते २०२० या काळात नैराश्याची लक्षणं असलेल्या लोकांकडून ऑनलाइन प्रश्नावली भरून घेतली होती. त्यांतल्या काहींनी बोट टोचून, कागदावर वाळवलेले रक्ताचे थेंब पाठवले. त्या थेंबांमधले ६०० हून अधिक रेणू मोजले गेले. मुख्य विश्लेषणात २४१ जण होते आणि या सगळ्यांना आधीच्या पाच वर्षांत ‘नैराश्य’ असंच निदान मिळालेलं होतं. पद्धतशीर मुलाखत घेतली तेव्हा त्यांतले ६७ जण बायपोलर निघाले. मला विचाराल तर या अभ्यासातला सर्वांत धक्कादायक आकडा हाच, आणि तो रक्तातून आलेला नाही, विचारपूस करून आलेला आहे.

रक्तातून काय आलं? १७ रेणूंचा एक संच. सिरॅमाइड नावाचे स्निग्ध पदार्थ त्यात ठळक होते. संचाची ओळखण्याची ताकद ०.७१ भरली. एक बायपोलर रुग्ण आणि एक निव्वळ नैराश्याचा रुग्ण अशा जोड्या लावल्या, तर १०० पैकी साधारण ७१ जोड्यांत बायपोलर रुग्णाचा आकडा वर येईल, असा त्याचा अर्थ. नाणं उडवलं तरी ५० जोड्या बरोबर येतात. संशोधकांनी स्वतःच सांगितलं की एकट्या रक्तावरून फार तर ३० टक्के बायपोलर रुग्ण ओळखता येतील, प्रश्नावलीची जोड दिली तर जास्त. शिवाय हे रेणू मुख्यतः कशाशी जुळत होते? आयुष्यात पूर्वी कधीतरी येऊन गेलेल्या उन्मादाच्या लक्षणांशी. म्हणजे इतकी यंत्रं लावून रक्त ज्या गोष्टीकडे अंधुक बोट दाखवतं, ती गोष्ट तुम्ही पत्रात सात-आठ ओळींत लख्ख लिहून पाठवली आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

तपासणी याहून चांगली निघाली तरी एक हिशेब सुटत नाही. समजा, नैराश्याच्या १०० रुग्णांमध्ये खरे बायपोलर २० आहेत. तपासणी बायपोलर असलेल्या शंभरांतले ८० बरोबर पकडते आणि नसलेल्या शंभरांतल्या ८० जणांना बरोबर सोडते. ऐकायला उत्तम. आता मोजा. २० पैकी १६ पकडले जातील. उरलेल्या ८० पैकीही १६ जण चुकून पकडले जातील. रिपोर्टवर ‘बायपोलर’ आलेल्या ३२ जणांमध्ये निम्मे बायपोलर नसतील, आणि ४ खरे रुग्ण ‘नाही’ असा शिक्का घेऊन घरी जातील. तुमच्या भावाच्या हातात असा रिपोर्ट आला तर त्यावर तो आणि तुम्ही पुन्हा तितकंच भांडाल.

त्याची अट मला समजते. सात वर्षांत तीन खेपा आणि दोन बदललेल्या गोळ्या झाल्यावर कुणीही म्हणेल, माणसाचं मत नको, यंत्राचं सांगा. त्याला हे दाखवा: २००० साली अमेरिकेत बायपोलर असलेल्या ६०० जणांची पाहणी झाली. त्यांतल्या ६९ टक्के लोकांना आधी चुकीचं निदान मिळालं होतं, बहुतेक वेळा नैराश्याचं. एक तृतीयांशाहून अधिक लोकांना योग्य निदानासाठी दहा वर्षं किंवा जास्त थांबावं लागलं. डॉक्टर ढ होते म्हणून एवढा उशीर होतो, असं नेहमीच नसतं. सौम्य उन्मादाचा बायपोलर, ज्याला आम्ही दुसरा प्रकार म्हणतो, त्याच्या रुग्णांचा तेरा वर्षांहून अधिक काळ आठवड्यागणिक पाठपुरावा करणारा एक अभ्यास आहे. त्यात रुग्णांचे निम्मे आठवडे नैराश्यात गेले आणि चढाचे आठवडे शंभरात जेमतेम एक-सव्वा. शिवाय चढाच्या दिवसांत डॉक्टरकडे जातं कोण? त्या दिवसांत माणसाला आयुष्यात प्रथमच आपण ठीक आहोत असं वाटत असतं. महिन्यांनी तो आमच्यासमोर खाली मान घालून बसतो, आम्ही ‘कधी खूप आनंदात होतात का’ असं विचारतो आणि तो म्हणतो, ‘मी? कधीच नाही.’ तो खोटं बोलत नसतो. नैराश्यात तशी आठवणच हाताशी लागत नाही.

म्हणून मी ‘आनंद’ हा शब्द वापरतच नाही. मी झोपेबद्दल विचारते, तेही घरच्यांना. सलग चार दिवस किंवा जास्त, कमी झोपूनही तो थकलेला दिसला नाही, असं कधी झालंय का? (निद्रानाश वेगळा. त्यात माणूस झोपेसाठी तळमळतो. इथे त्याला झोप नकोच असते.) त्या दिवसांत बोलणं भरभर होतं का, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचा का? खर्च, गाडीचा वेग, कामाच्या उड्या, चिडचिड? आणि शेवटी: ‘हा नेहमीचा वाटत नाही’ असं घरात कुणी बोललं होतं का? सौम्य उन्मादासाठी किमान चार दिवस आणि पूर्ण उन्मादासाठी एक आठवडा, ही निदानातली सीमा आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०१४ ची मार्गदर्शिका कुटुंबाच्या डॉक्टरांना हेच सांगते: नैराश्याचा रुग्ण आला की चार दिवस किंवा जास्त टिकलेल्या अतिउत्साहाबद्दल विचारा.

तुमच्या पत्रावरून भावाला बायपोलर आहे असं मी म्हणणार नाही. ते दिवस नव्या गोळीनंतर आले आणि गोळीने उडालेला भडका निदानात धरायचा की नाही याचे नियम आहेत. गोळीचा थेट परिणाम ओसरूनही पूर्ण लक्षणं टिकली तर तो धरतात. हे त्याच्या डॉक्टरांनी तारखा समोर ठेवून ठरवायचं आहे, आणि त्या तारखा आज त्यांच्याकडे नाहीत. तेव्हा बसून एक पान लिहा: गोळी कधी सुरू झाली, झोप कधी कमी झाली, भागीदारी कधी मोडली, पुन्हा अंथरूण कधी धरलं. फोनमधले मेसेज काढा, पहाटे तीनला पाठवलेल्या मेसेजवर वेळ छापलेली असते. वडील, काका, मामा, आत्या यांच्यात कुणाला बायपोलर किंवा ‘तऱ्हेवाईक’ म्हणून घरात झाकलेलं काही असेल तर तेही लिहा. पहिलं नैराश्य पंचविशीच्या आत येणं, ते वारंवार येणं आणि त्यात खूप झोपणं, या खुणा एकेकट्या काही सिद्ध करत नाहीत, पण तुमच्या पत्रात त्या तिन्ही आहेत.

घाई कशासाठी, तेही सांगते. स्वीडनमधल्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेला २०१४ चा एक अभ्यास आहे. बायपोलर रुग्णांना मूड स्टॅबिलायझरशिवाय (मनाचे चढउतार आवरणाऱ्या औषधाशिवाय) नुसती अँटिडिप्रेसंट, म्हणजे नैराश्याची गोळी, सुरू केली, तेव्हा पहिल्या तीन महिन्यांत उन्मादाचा धोका जवळजवळ तिप्पट झाला. सोबत मूड स्टॅबिलायझर असेल तर तो वाढला नाही. म्हणजे निदान बदललं तर औषधं बदलतील. पण गोळी आपल्या मनाने आज रात्री बंद करू नका, एकदम थांबवण्याचे त्रास वेगळे आहेत. या आठवड्यातली वेळ घ्या आणि ते पान डॉक्टरांच्या हातात द्या. भाऊ मरणाची भाषा बोलत असेल तर मात्र वेळेची वाट पाहायची नाही. त्याला एकटं सोडू नका आणि थेट इमर्जन्सीत न्या.

प्रश्न: वय ४१. दीड वर्ष नैराश्याच्या गोळ्या घेतोय, बराच फरक आहे. एका खासगी लॅबमध्ये मानसिक आरोग्याचं रक्त पॅकेज करून घेतलं. बीडीएनएफ कमी, सीआरपी जास्त, आणि खाली शेरा: ‘मूड डिसऑर्डरची शक्यता’. आता बायपोलर समजायचं का?

उत्तर: नाही. दीड वर्ष नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला मूड डिसऑर्डरची शक्यता आहे, हे सांगायला रक्त कशाला हवं? गोळ्यांचं पाकीट दाखवलं असतं तरी भागलं असतं.

बीडीएनएफ हे चेतापेशींच्या वाढीला आणि तग धरायला लागणारं प्रथिन. त्याची रक्तातली पातळी नैराश्यात कमी दिसते, उन्मादातही कमी दिसते. दोन्हीकडे कमी होणारी गोष्ट या दोघांमध्ये निवाडा कसा करणार? त्यातही रक्तातलं बहुतेक बीडीएनएफ प्लेटलेट्समध्ये साठलेलं असतं, त्यामुळे नमुना किती वेळ ठेवला, रक्त कसं गोठू दिलं, यानेही आकडा हलतो. सीआरपी हा यकृतात तयार होणारा, शरीरातल्या दाहाचा निर्देशक. नैराश्याच्या रुग्णांपैकी सुमारे चौथाई लोकांत तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर असतो, हे खरं. पण तो सर्दीने वाढतो, सुजलेल्या हिरड्यांनी वाढतो, वजनाने आणि धूम्रपानाने वाढतो. तुमचा सीआरपी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना जरूर दाखवा, पण त्याचं कारण दात, छाती, वजन यांत शोधायला सांगा.

रक्त तपासूच नये असं मात्र माझं म्हणणं नाही. नव्या रुग्णाचं थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी १२, साखर, यकृत आणि मूत्रपिंड मी तपासून घेते. थायरॉइड मंदावलं की माणूस नैराश्यात गेल्यासारखा दिसतो, फार वेगाने चाललं की उन्मादात असल्यासारखा. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी चढलेला उन्माद मी पाहिला आहे, आणि तिथे मानसिक आजाराची चिठ्ठी चिकटवण्याआधी औषधांची यादी वाचावी लागते. या तपासण्या कंटाळवाण्या आहेत, कुठल्याही दवाखान्यात होतात आणि त्यांच्यावर रंगीत आलेख नसतो. त्यांच्यामुळे उपचार बदलतात, तुमच्या पॅकेजमुळे ते बदलणार नाहीत.

प्रश्न: मी निवृत्त फॅमिली डॉक्टर. आमच्या काळात डेक्सामेथासोन सप्रेशन टेस्टचा गाजावाजा होता. आता आरएनए, मेटाबोलाइट वगैरे ऐकतो. या वेळी वेगळं काय आहे?

उत्तर: सर, तुमच्या पत्राने बरं वाटलं, कारण ही गोष्ट नव्या मुलांना ठाऊक नसते. मी शिकत होते तेव्हा त्या चाचणीची पुस्तकातली जागा मोठी होती आणि वॉर्डातली लहान. रात्री ११ वाजता १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड द्यायचं, दुसऱ्या दिवशी कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजायचं. निरोगी शरीरात ते दबतं. तीव्र, ‘मेलँकोलिक’ नैराश्यात ते दबत नाही. १९८१ मध्ये बर्नार्ड कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चाचणीची संवेदनशीलता, म्हणजे आजार असलेल्यांना पकडण्याची ताकद, ६७ टक्के आणि विशिष्टता, म्हणजे तो आजार नसलेल्यांना बरोबर सोडण्याची ताकद, ९६ टक्के असल्याचं मांडलं. ९६! मानसोपचाराला आपली प्रयोगशाळा मिळाली असंच लोकांना वाटलं.

मग ती रोजच्या बाह्यरुग्ण विभागात आली. स्मृतिभ्रंशात पॉझिटिव्ह, दारू सोडताना पॉझिटिव्ह, वजन झपाट्याने उतरलं तरी पॉझिटिव्ह. फिटच्या काही गोळ्या डेक्सामेथासोनच लवकर संपवतात, म्हणून तिथेही पॉझिटिव्ह. १९८७ मध्ये अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या समितीने रोजच्या निदानासाठी तिला दुजोरा दिला नाही. कॉर्टिसोलचं निरीक्षण खोटं नव्हतं. एकीकडे ठसठशीत आजारी, दुसरीकडे ठणठणीत निरोगी, अशी तुलना केली की कुठलीही चाचणी हुशार दिसते. आपल्यासमोर बसतो तो माणूस त्या दोन टोकांच्या मधला असतो.

या वेळी वेगळं काय, तर रक्तातले मेटाबोलाइट, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रियांतून बनणारे छोटे रेणू, मोजणाऱ्या केंब्रिजच्या गटाने किमान प्रश्न तरी योग्य विचारला. बायपोलर विरुद्ध निरोगी असा नव्हे, तर नैराश्याच्या चिठ्ठीखाली लपलेला बायपोलर कोण, असा. फ्रान्समधल्या एका गटाने रक्तातल्या आरएनएमध्ये, म्हणजे जनुकांचा निरोप वाहणाऱ्या रेणूंमध्ये, पेशी जे बदल करतात त्यांच्या खुणा मोजल्या आणि २०२२ मध्ये ‘ट्रान्सलेशनल सायकियाट्री’त केंब्रिजपेक्षा बरेच वरचे आकडे दिले. वरचे आकडे पाहून मला १९८१ आठवतं, हा माझा स्वभावदोष समजा. पण एक अडचण दोन्हीकडे आहे आणि तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. चाचणी बरोबर की चूक हे ताडायला कसोटी कोणती वापरतात? मुलाखतच. मग चाचणी मुलाखतीच्या पुढे जाणार कशी? ज्युल्स आंग्स्ट यांच्या झुरिकमधल्या दीर्घ अभ्यासात, नैराश्यासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या ३०९ जणांपैकी ३९ टक्के पुढे बायपोलर झाले, आणि निदानातला हा बदल वर्षानुवर्षं चालूच राहिला. आज ‘निव्वळ नैराश्य’ म्हणून तुलनेला घेतलेल्या गटात उद्याचे बायपोलर बसलेले आहेत. रक्ताने आज त्यांना ‘बायपोलर’ म्हटलं तर संशोधक ती चूक मोजतील आणि दहा वर्षांनी तीच बरोबर ठरेल.

म्हणून मला एकच अभ्यास पाहायचा आहे. पहिल्याच नैराश्यात, शक्यतो औषध सुरू होण्याआधी रक्त घ्यायचं, पाकीट बंद करायचं आणि दहा-पंधरा वर्षं माणसांच्या मागे राहायचं. असा अभ्यास महाग, कंटाळवाणा आणि करिअर खाणारा असतो. तो कुणी तडीस नेला तर मी तुमच्याआधी टाळ्या वाजवीन.

प्रश्न: डीएनए चाचणी केली तर?

उत्तर: नको. २०२१ च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात बायपोलरशी जोडलेल्या डीएनएवरच्या ६४ जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा इवलासा, आणि अनेक जागा स्किझोफ्रेनिया व नैराश्याशी सामाईक. संशोधनाला ते सोनं आहे, पण तुमच्या निदानाला त्याचा आज उपयोग नाही.

प्रश्न: माझ्या मिस्टरांना बायपोलर आहे, लिथियम चालू आहे. दर काही महिन्यांनी रक्त घेतात. तुम्ही तर म्हणता रक्तात बायपोलर दिसत नाही. मग हे कशासाठी?

उत्तर: ते आजार शोधण्यासाठी नाही, औषध मोजण्यासाठी आहे. लिथियमची उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर कमी असतं. नेहमीच्या देखभालीत पातळी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटरच्या आसपास ठेवतात. याशिवाय मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम पाहतात, कारण लिथियम दीर्घकाळात त्यांना त्रास देऊ शकतं. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं असतं. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा उगाच चढलेला येईल आणि डॉक्टर डोस कमी करून बसतील. त्या सकाळची गोळी सोबत न्या, रक्त दिल्यावर घ्या. उलट्या-जुलाब झाले, हात जास्त थरथरू लागले, चालताना तोल जाऊ लागला, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून पातळी तपासून घ्या. आणि अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, तिने लिथियमची पातळी वाढते.